आर्नोकाठचे राजाराम महाराज

राजाराम हे नाव घेतलं की आपल्याकडे तीन माणसं एकमेकांत मिसळतात. एक शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, जिंजीला वेढ्यात राहिलेले आणि सिंहगडावर गेलेले. दुसरे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, ज्यांनी १९२२ पासून १९४० पर्यंत कोल्हापूरवर राज्य केलं. आणि या दोघांच्या मधले तिसरे, ज्यांच्या वाट्याला गादीची चार वर्षं आणि आयुष्याची वीस वर्षं आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते या तिसऱ्यांचं. नामदार गोखले त्या कॉलेजात शिकले, ना. सी. फडके आणि माधव ज्युलियन तिथं शिकवत होते. आमच्या बेळगाव भागातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पदवीच्या कागदावर हे नाव असतं. आमच्याही घरात आहे. पण हे राजाराम कोण, असं विचारलं तर घरातलं कोणीही चटकन शाहू महाराजांचा मुलगा असं सांगून मोकळं होतं.

ते तसे नव्हते. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८५० चा, पाटणकरांच्या घरात. मूळ नाव नागोजीराव. कोल्हापूरचे त्या वेळचे छत्रपती शिवाजी महाराज, ज्यांना बाबासाहेब म्हणत, हे त्यांचे मामा. बाबासाहेबांना मुलगा नव्हता. ऑगस्ट १८६६ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी या सोळा वर्षांच्या भाच्याला दत्तक घेतलं आणि नागोजीरावांचे राजाराम महाराज झाले.

गादी मिळाली, पण कोणत्या घराची ते पाहायला हवं. नऊच वर्षांपूर्वी सत्तावनचं साल होऊन गेलं होतं. बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूनं राहिले, पण त्यांचे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय बसला आणि त्यांना कोल्हापुरातून उचलून कराचीला नेऊन ठेवलं. तिथंच १८६९ मध्ये ते वारले. म्हणजे जन्माच्या नात्यानं मामा आणि दत्तकाच्या नात्यानं चुलते असलेला माणूस हजार मैलांवर बंदिवासात मेला, आणि पुढच्याच वर्षी हे राजाराम महाराज आपल्या पायांनी, राजीखुशीनं, त्याहून कितीतरी लांब निघाले. या मुलाच्या मनात चिमासाहेबांचं काय होतं ते त्याच्या लेखी कागदांत सापडायचं नाही. ते कागद इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणार होते.

राजकुमाराचं शिक्षण इंग्रजी पद्धतीनं झालं होतं, एका पारशी शिक्षकाच्या हाताखाली. तो चांगलं इंग्रजी वाचू-लिहू लागला. (इथं मी नकळत एकेरीवर आले. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर म्हटलं की तोंडातून तसंच येतं. आता महाराजच म्हणते.) मे १८७० मध्ये महाराज मुंबईहून विलायतेला निघाले. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे पोलिटिकल खात्यातले अधिकारी, पारशी शिक्षक, आणि आपली घरची माणसं. सुवेझचा कालवा उघडून जेमतेम सहा महिने झाले होते. समुद्र ओलांडला की जात जाते ही समजूत तेव्हा किती घट्ट होती हे आज आपल्याला नीट कळणार नाही. विसा-पंचवीस वर्षांनंतरसुद्धा विलायतेहून परतलेल्या साध्या माणसांना पंगतीत बसायला प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं. इथं तर प्रत्यक्ष गादीवरचे छत्रपती निघाले होते.

इंग्लंडात महाराजांनी पार्लमेंट पाहिलं, विंडसरला व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि सगळ्याची इंग्रजीत रोजनिशी ठेवली. ती रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर वेस्ट यांनी संपादन करून १८७२ मध्ये लंडनला छापली. मी ती वाचली आहे. खरं सांगायचं तर कंटाळवाणी आहे. आज अमक्यांकडे गेलो, तमकं पाहिलं, हवा अशी होती. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा परक्या भाषेत, आपण लिहिलेलं मोठी माणसं वाचणार हे माहीत असताना जसं लिहील तसंच ते लिखाण आहे. छापताना कात्रीही त्या मोठ्या माणसांच्याच हातात होती. महाराजांनी मराठीत लिहिलं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहात नाही. आपल्या साहित्य मंडळात आपण परभाषेत शिकणाऱ्या मुलांनी स्वतःच्या भाषेत दोन ओळी तरी लिहाव्यात म्हणून मागे लागतो, त्याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण ही रोजनिशी आहे.

परतीची वेळ आली तेव्हा युरोप बदललं होतं. जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. फ्रान्समधून खाली उतरायचा नेहमीचा रस्ता बंद. मंडळी वळसा घालून, जर्मन मुलखातून आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. थंडी सुरू झाली होती. वाटेत महाराज आजारी पडले आणि दुखणं वाढतच गेलं. फ्लॉरेन्सला पोचल्यावर पुढचा प्रवास शक्यच झाला नाही. आर्नो नदीच्या काठी असलेल्या हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी छत्रपती राजाराम महाराज वारले. वय वीस वर्षं आणि साडेसात महिने.

इथून पुढची गोष्ट सांगण्यासाठी मला मध्येच माझ्या सहलीत शिरावं लागेल.

माझी भाची मिलानला शिकते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. लोक इटलीत चर्चेस आणि चित्रं पाहतात, तीही आम्ही पाहिली. पण मला दफनभूमीतून हिंडायची सवय आहे. गोव्यातली असोत की बेळगाव कॅम्पातली, थडग्यांवरची नावं आणि वर्षं वाचत गेलं की त्या गावाचा इतिहास कळतो. भाचीला वाटलं मावशीचं काहीतरी बिघडलंय, पण ती आली बरोबर.

मिलानची मोठी दफनभूमी म्हणजे संगमरवरी पुतळ्यांचं गावच आहे. श्रीमंत घराण्यांची छोटी छोटी देवळं, रडणाऱ्या स्त्रिया, पंख मिटलेले देवदूत. तिच्या पार मागच्या बाजूला एक इमारत आहे, ती दहनगृहाची. तिथं २२ जानेवारी १८७६ रोजी आल्बेर्तो केलर या उद्योगपतीचं दहन झालं. तो वारला होता १८७४ मध्येच. आपल्याला जाळावं अशी त्याची इच्छा होती, त्यासाठी पैसेही ठेवले होते, पण दहनगृह बांधून होईपर्यंत आणि परवानगी मिळेपर्यंत मृतदेह दोन वर्षं जपून ठेवावा लागला. इंग्लंडात तर दहन कायद्यात बसतं असा निकाल व्हायला १८८४ उजाडलं. कॅथलिक चर्चनं १८८६ मध्ये दहनाला बंदी घातली, ती उठली १९६३ मध्ये. ही शेवटची तारीख मला पाठ आहे, कारण आमचे थोरले काका गेले तेव्हा त्यांनी दहन करा असं लिहून ठेवलं होतं, आणि घरात तीन दिवस नुसता वाद. एक आत्या तर शेवटपर्यंत आली नाही. चर्चची हरकत नव्हती, हरकत आमची होती.

हे सगळं डोक्यात ठेवून १८७० च्या फ्लॉरेन्सकडे पाहा. केलरच्या सहा वर्षं आधी.

त्या शहरात परक्या माणसाचं मरण हा जुनाच प्रश्न होता. कॅथलिक नसलेला माणूस फ्लॉरेन्समध्ये मेला तर पूर्वी त्याला लिव्होर्नोच्या बंदरापर्यंत न्यावं लागे, कारण प्रॉटेस्टंट लोकांची दफनभूमी तिथं होती. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथल्या स्विस प्रॉटेस्टंट मंडळीनं शहराच्या वेशीबाहेर एक टेकाड घेऊन स्वतःची दफनभूमी केली. तिला आज इंग्रजांची दफनभूमी म्हणतात. आम्ही तिथं गेलो तर काय, चारी बाजूंनी वाहनांचा गराडा आणि मधोमध अंड्याच्या आकाराची सायप्रसची टेकडी, जणू रहदारीच्या नदीतलं बेट. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग १८६१ पासून तिथं आहे. १८७७ मध्ये तीही दफनभूमी बंद झाली, कारण शहराची तटबंदी पडून ती शहराच्या पोटात आली होती.

तर कॅथलिकांना जागा होती, प्रॉटेस्टंटांना टेकाड मिळालं होतं. पण हिंदू राजाला जाळायचं कुठं?

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. नव्या इटालियन सरकारनं दोनच महिन्यांपूर्वी पोपच्या ताब्यातलं रोम जिंकून घेतलं होतं, त्यामुळे सरकार आणि चर्च यांचं फाटलं होतं. एखाद्या जुन्या, शांत वर्षी ही परवानगी इतक्या लवकर मिळाली असती असं मला वाटत नाही. दहन कायद्यात बसत नव्हतं, पण सरकार आणि नगरपालिका यांनी खास बाब म्हणून होकार दिला. अट अशी की ते शहराच्या टोकाला, रात्री व्हावं. जागा निवडली ती महाराजांच्या माणसांच्या मनासारखी: जिथं मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तो संगम. घरापासून इतक्या लांब, ऐन थंडीत, परक्या मुलखात त्या माणसांनी संगम शोधला याचं मला अजून नवल वाटतं.

ती जागा ज्या बागेच्या टोकाला आहे तिचं नाव काशीने. मराठी कानाला ऐकताच धक्का बसतो. आपल्या काशीशी त्याचा काही संबंध नाही. गाईम्हशींच्या गोठ्यांना तिकडं जो शब्द आहे त्यावरून ते आलंय, कारण तिथल्या राजेलोकांची दुभती जनावरं आणि शिकारीचं रान तिथं होतं. पण महाराजांबरोबरच्या माणसांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला असेल तेव्हा त्यांच्या पोटात काय झालं असेल?

याच झाडीत १८१९ मध्ये शेलीला पश्चिमी वाऱ्यावरची त्याची प्रसिद्ध कविता सुचली. आपल्या एम. ए. इंग्लिशच्या मुलांना ती घोकावी लागते. आणि तीन वर्षांनी तो शेली समुद्रात बुडाला तेव्हा त्याच्या देहाचं दहनच झालं होतं, तेही याच तोस्कानाच्या किनाऱ्यावर! तिथं कारण साथीच्या रोगांबाबतचे कडक नियम हे होतं. त्याची रक्षा रोमला, प्रॉटेस्टंटांच्या दफनभूमीत आहे.

तर ३० नोव्हेंबरनंतरच्या रात्री काशीनेच्या टोकाला चिता रचली गेली. छत्रपतींचं दहन हिंदू रिवाजानं झालं. ते पाहायला शहरातले लोक रात्री, थंडीत जमले होते. मोठा भाऊ नाही, आई नाही, पंचगंगेचा घाट नाही, तोफा नाहीत. अस्थी कलशात भरल्या, भारतात नेऊन गंगेत सोडण्यासाठी. आणि उरलेली मंडळी महाराजांशिवाय बोटीवर चढली.

आम्ही गेलो तो ऑक्टोबरातला दिवस. स्टेशनजवळून ट्राम मिळते, ती बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते. समाधी मात्र अगदी दुसऱ्या टोकाला, आणि बाग आहे साडेतीन किलोमीटर लांब. नदीच्या काठानं चालत राहायचं. सुरुवातीला पोरं, सायकली, धावणारी माणसं. पुढं पुढं माणसं कमी होत जातात आणि झाडं वाढतात. भाची दोनदा म्हणाली की आपण चुकलो. मग समोर डोक्यावर एक अवाढव्य पूल दिसला, तारांनी तोललेला, आणि मला कळलं की आलो. त्या पुलाचं नावच पोन्ते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयापाशी असलेला पूल. १९७८ मध्ये तो झाला. वरून गाड्यांची घरघर सतत चालू असते.

खाली लोखंडी कठड्यात छत्री. आपल्याकडच्या राजघराण्याच्या छत्र्या पाहिलेल्या माणसाला ती क्षणात ओळखीची वाटते, आणि दुसऱ्या क्षणी खटकते, कारण आजूबाजूला सगळं इटालियन. आत महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं, मिशा नुकत्या फुटलेल्या. चौथऱ्यावर चार भाषांतला लेख. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकारानं केला, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. १८७४ मध्ये काम पुरं झालं. या मँटसाहेबांना आपण सगळे ओळखतो, फक्त नाव माहीत नसतं. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांचाच, आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांनीच आखलेला. आपल्या मंडळातल्या बडोदेकरांनी हे लक्षात ठेवावं.

मुन्योने ओढा पाहून मात्र निराशा झाली. गढूळ पाण्याची बारीकशी धार. संगम म्हणजे नरसोबाच्या वाडीसारखं काहीतरी असेल अशी माझी कल्पना होती. पण पंचांग घेऊन हिंडणाऱ्याला नदी केवढी आहे यापेक्षा दोन पाणी मिळतात एवढंच पुरतं.

तिथल्या बाकावर एक म्हातारेबुवा कुत्र्याला घेऊन बसले होते. भाचीनं त्यांच्याशी इटालियनमध्ये गप्पा सुरू केल्या. त्यांचं सगळं आयुष्य त्याच भागात गेलेलं. त्या जागेला ते इंदियानो म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या तोंडीही तेच. भेटायचं ठरवलं की इंदियानोपाशी भेटू म्हणतात. पण इंदियानोचं नाव? ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं. आम्ही सांगितलं. त्यांनी ते तीन-चारदा घोळवून पाहिलं, आणि र नीट उच्चारला. मला वाटलं, आमच्याकडे नाव आहे आणि माणूस हरवलाय, यांच्याकडे माणूस आहे आणि नाव हरवलंय. इतकी वर्षं दोन्ही गावं अर्धी अर्धी आठवण सांभाळून बसली आहेत.

मी चपला काढल्या, बूट होते ते. हात जोडले की क्रूसाची खूण केली हे मला आठवत नाही, बहुतेक दोन्ही. भाचीनं फोटो काढला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

इकडं कोल्हापुरात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्या एका मृत्यूची साखळी लांबपर्यंत गेली. महाराजांना मूल नव्हतं. १८७१ मध्ये भोसले घराण्यातला एक लहान मुलगा दत्तक घेतला, तेच चौथे शिवाजी महाराज. त्यांना पुढं वेडे ठरवलं गेलं. ते खरोखर वेडे होते की कारभाऱ्यांनी आणि रक्षकांनी छळून तसं केलं, यावर सगळा महाराष्ट्र पेटला. केसरी आणि मराठा पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, खटला झाला, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते आपल्या ग्रंथालयात आहे. १८८३ च्या नाताळच्या दिवशी हे महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर मेले. वय वीसच. कराची, फ्लॉरेन्स, अहमदनगर: पंधरा वर्षांत एका घरातली तीन माणसं, तिन्ही घराबाहेर. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला आणि शाहू झाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

राजाराम महाराज जगले असते तर ही साखळी वेगळीच झाली असती, आणि मग शाहूही आले नसते. असल्या जर-तरला अंत नसतो, म्हणून मी त्यात शिरत नाही. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यांच्यानंतर दहा वर्षांनी. ज्या वयात त्यात मुलं शिकतात त्या वयातच ते गेले होते.

कोणी फ्लॉरेन्सला जाणार असेल तर दोन सूचना. मंगळवारी सकाळी जाऊ नका, त्या दिवशी बागेच्या अलीकडच्या टोकाला मोठा बाजार भरतो आणि गर्दी असते. आणि पुलाच्या खालून पायी जायची एक वाट आहे, तिच्यावर चढा. तिथून आर्नो, मुन्योने आणि झाडीतली छत्री तिन्ही एकदम दिसतात.